बाळ बघायला येणाऱ्या समस्त आप्तेष्टांस

दोन्हीकडचे काका-काकू, आत्या, मावश्या, मामा-मामी, चुलत आजे-आज्या आणि शेजारपाजारची मंडळी,



माझी लेक आठव्या महिन्यात माहेरी आली आहे. पहिलटकरीण, तेव्हा बाळंतपण आमच्याकडे. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, कारण डोहाळजेवणाला आपण सगळे होतात आणि निघताना प्रत्येकाने "आता एकदम बाळ बघायलाच येतो" असं म्हटलं होतं. त्या आश्वासनाबद्दलच लिहायचं आहे.

गेल्या पंधरवड्यात लेकीने आणि जावयाने दोन्ही घरांच्या ग्रुपवर एक निरोप टाकला. मजकूर साधा होता : बाळाला भेटायला येणाऱ्यांनी निदान पंधरा दिवस आधी टीडॅपची (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला या तिन्हींवरची) आणि यंदाची फ्लूची लस घ्यावी, ही नम्र विनंती. ज्या ग्रुपवर कुणी नुसतं 'सुप्रभात' म्हटलं तरी फुलांचे गुच्छ पडतात, तिथे दिवसभर शुकशुकाट. संध्याकाळी कुणीतरी 'पूर्वीची मुलं मातीत लोळून कशी ठणठणीत वाढायची' असा एक फिरता मजकूर डकवला आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मग फोन सुरू झाले. लेकीला नाही, जावयाला तर नाहीच नाही. मला. "मुलीला जरा समजवा." "आम्हाला काय रोग झालेत का?" "नको असेल तर स्पष्ट सांगा, येत नाही आम्ही." एका वन्संनी तर "बघायला तिकीट किती?" असंही विचारलं. विनोद चांगला होता, पण तो लेकीच्या कानावर गेला आणि ती रात्रभर जागी राहिली.

म्हणून हे पत्र तिच्या वतीने मी लिहिते आहे. मुलीच्या आईने मुलाकडच्यांना अटी घालणं आपल्यात शोभत नाही, हे मला कळतं. लग्नात मी आपणा सर्वांचे मानपान रीतसर केले आहेत, त्यात कुणाला उणं वाटलं असेल तर तेही भरून काढीन. पण ही गोष्ट मानपानात मोडत नाही. आणि गैरसमज नको म्हणून आधीच सांगते, आमच्या विहीणबाई आणि व्याही दोघांनीही लस घेतली आहे, कुणी न सांगता. अडचण आहे ती मधल्या फळीची.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीची बरीच वर्षं बालरुग्ण विभागात गेली. त्यामुळे डांग्या खोकला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं आणि माझ्या डोळ्यांपुढे जे येतं, त्यात फरक आहे. आपल्याला आठवतो तो खोकून खोकून लालबुंद झालेला, शेवटी 'हूप' असा आवाज काढून श्वास ओढणारा पाच-सहा वर्षांचा पोर. महिना-दीड महिन्याच्या बाळाला बहुतेकदा तो आवाज येतच नाही. त्याच्या अंगात तेवढं खोकण्याचं बळ नसतं. ते एक-दोनदा खोकतं, चेहरा आधी लाल, मग निळसर होतो आणि श्वास थांबतो. अशा वेळी आम्ही पायाच्या तळव्याला टिचकी मारायचो. एक, दोन, तीन टिचक्या. बाळ दचकायचं, छाती हलायची. शेजारी त्याची आई उभी असायची, आणि पुढचे कित्येक दिवस ती झोपायची नाही, कारण पुढची उबळ दुपारी येईल की पहाटे तीनला, हे आम्हालाही सांगता यायचं नाही. अँटिबायोटिक दिलं जातं, त्याने दुसऱ्यांना होणारी लागण थांबते, पण उबळी एकदा सुरू झाल्या की औषधाला फारशा जुमानत नाहीत. त्यांना आठवडे लागतात. सगळीच बाळं त्यातून बाहेर येत नाहीत.

हा जंतू आकाशातून पडत नाही. इतक्या लहान बाळाला डांग्या खोकला होतो तेव्हा तो बहुधा घरातल्याच नाहीतर अगदी जवळच्या माणसाकडून आलेला असतो. त्या माणसाला आपल्याला काही झालंय हे माहीतही नसतं. मोठ्यांमध्ये पहिले एक-दोन आठवडे हा आजार साध्या सर्दी-पडशासारखा दिसतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत तो सर्वात जास्त पसरतो. पुढे खोकला रेंगाळतो, आपण म्हणतो हवा बदलली, धुळीची ॲलर्जी आहे, आणि आल्याचा तुकडा चघळत बारशाला जातो.

"पण बाळाला लशी देतातच ना?" हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा ऐकावा लागला. देतात. जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ 'बी'ची लस. त्यात डांग्या खोकल्याची नसते. ती येते पेंटाव्हॅलंटमध्ये, दीड महिन्याला, अडीच महिन्यांना आणि साडेतीन महिन्यांना. तीन डोस झाल्याशिवाय तिचा भरवसा धरता येत नाही. फ्लूची लस सहा महिन्यांच्या आत देताच येत नाही. गोवराची नऊ महिन्यांना. आता आपण बाळ बघायला कधी येता? दवाखान्यात दुसऱ्या दिवशी, पाचवीला, बाराव्या दिवशी, आणि राहिलेले सव्वा महिन्याच्या आत. म्हणजे त्याच्याकडे स्वतःचं म्हणून काहीच नसतं, नेमक्या त्याच दिवसांत आपण सगळे सहकुटुंब हजर.

त्याच्याकडे जे थोडंफार असतं ते आईकडून आलेलं. म्हणूनच आपल्या देशातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची आणि बालरोगतज्ज्ञांची संघटना, दोन्ही सांगतात की गरोदरपणात सत्ताविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात आईने टीडॅप घ्यावी. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात आणि पहिले दोन-तीन महिने पुरतात. ब्रिटनमध्ये २०१२ साली डांग्या खोकल्याची मोठी साथ आली, त्यात १४ तान्ही बाळं दगावली. त्याच वर्षी तिथे गरोदर बायकांना ही लस सरकारी खर्चाने द्यायला सुरुवात झाली. माझ्या लेकीने ती घेतली आहे. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर, बाळाला वाचवण्यात तिच्या त्या एका सुईचा वाटा आपणा सर्वांच्या सुयांपेक्षा मोठा आहे. मग आम्हाला कशाला त्रास, असं म्हणाल. आईकडून मिळालेलं कवच शंभर टक्के नसतं आणि ते दर आठवड्याला विरत जातं, म्हणून. शिवाय या सगळ्यात सोसण्याचं काम पुन्हा एकट्या तिनेच का करायचं?

आता आपल्या हरकतींकडे येते.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय, हे निम्म्यांचं उत्तर. खिळा लागला, पत्रा कापला, स्कूटरवरून पडलो, तेव्हा घेतलं होतं. ते टीटी किंवा टीडी. त्यात धनुर्वात असतो, टीडीत घटसर्पही असतो, डांग्या खोकला नसतो. सरकारी केंद्रात गरोदर बाईला मिळतं तेही टीडीच. टीडॅप वेगळी, ती मागून घ्यावी लागते. लहानपणी घेतलेल्या त्रिगुणीचा उपयोगही आता उरलेला नाही. तिचं संरक्षण काही वर्षांत ओसरतं. इतकंच काय, लहानपणी प्रत्यक्ष डांग्या खोकला होऊन गेला असेल तरी तो पुन्हा होऊ शकतो.

"आमच्या वेळी हे काही नव्हतं, तरी झालीच ना मुलं मोठी." झाली, जी झाली ती. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ पहिला वाढदिवस बघत नव्हती. २०२० साली हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. आपल्या प्रत्येकाच्या घरात एखादी पणजी होती जी "मला आठ झाली, पाच जगली" असं भाजीचा भाव सांगावा तसं सांगायची. राहिलेल्या तिघांची नावंसुद्धा कुणी विचारली नाहीत. मातीत लोळून ठणठणीत झालेल्यांचा तो मजकूर पुढे पाठवायला ती तिघं नाहीत. आणि दुसरं असं की आपल्या वेळी अगदीच काही नव्हतं, हेही खरं नाही. बाळंतिणीच्या खोलीत बाहेरच्याला थेट प्रवेश नव्हता. दारात कडुनिंबाचा डहाळा, ओवा-शेपेची धुरी, आधी हातपाय धू, मग आत. सुवेराच्या दहा दिवसांत विटाळाच्या नावाखाली बाईवर जो अन्याय झाला त्याचं समर्थन मी करणार नाही, पण बाळाला गर्दीपासून लांब ठेवावं ही अक्कल त्यात होती. आपण सुवेर सोडलं, ते बरंच केलं. त्याबरोबर हात धुणंही सोडलं.

आणि आता जिथे मला खरोखर राग येतो ते सांगते. आपल्यापैकी किमान चार जोडपी सुनेच्या नाहीतर लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन आली आहेत. व्हिसा झाला, मेथीचे लाडू झाले, डिंक-अळीव-सुंठ पिशवीत भरली, आणि विमानात बसायच्या आधी सगळ्यांनी निमूटपणे टीडॅप घेतली. का? तर तिथल्या बालरोगतज्ज्ञाने सांगितलं होतं. एका काकांनी मला त्याचं प्रमाणपत्र कौतुकाने दाखवलं होतं, "बघा, काय शिस्त आहे त्यांच्याकडे!" तेच काका आता विचारतात की हे काय नवं खूळ. न्यू जर्सीच्या डॉक्टरने सांगितलं तर ती शिस्त, आणि पुण्यात घरच्या सुनेने सांगितलं तर तो शिष्टपणा? जंतू तोच, बाळाचं वय तेच. बदललं आहे ते फक्त सांगणारं तोंड. इथे ते तोंड पंचविशीतल्या मुलीचं आहे आणि तिने वडीलधाऱ्यांना काही सांगावं याची आपल्याला सवय नाही.

लशींचं आपल्याला वावडं आहे, असंही नाही. पोलिओच्या रविवारी पोरांना कडेवर घेऊन आपणच बूथवर गेलो. करोनात पहिला डोस मिळाला म्हणून दंड उघडा ठेवून फोटो काढले आणि त्याच ग्रुपवर टाकले. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने पुणं हादरलं तेव्हा याच शहरात रुमाल बांधल्याशिवाय कुणी रस्त्यावर दिसत नव्हतं. हाफकिनसाहेबाने १८९७ साली मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग इतरांना दिली. जगात सर्वाधिक लशी बनवणारा कारखाना आपल्या हडपसरला आहे. अशा गावात राहून लशीच्या नावाने रुसून बसायचं?

डॉक्टरांशीही दोन शब्द बोलायचे आहेत, कारण हे पत्र त्यांच्याही हाती पडेल. मी आणि हे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे लस घ्यायला गेलो, तर ते हसले. "सिस्टर, तुम्हीसुद्धा? या वयात कशाला?" मी कशाला ते सांगितलं. मग त्यांनी ती मागवून दिली आणि व्यवस्थित टोचली, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या जागी आमच्या नात्यातला कुणी असता, तर त्या एका हसण्यावर घरी परतला असता आणि "डॉक्टरांनीच नको म्हटलं" असं आयुष्यभर सांगत राहिला असता. डॉक्टर, आपल्या दवाखान्यात भिंतीवर मधुमेहाचा तक्ता आहे, त्याच्या शेजारी मोठ्यांच्या लशींचा एक तक्ता लावा. आणि गरोदर मुलगी तपासायला येते तेव्हा तिच्याबरोबर बाहेर बाकड्यावर जी सासू किंवा आई बसलेली असते, तिलाही आत बोलावून दोन मिनिटं सांगा. घरी गेल्यावर सुनेचं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील.

पैशांचा मुद्दा खरा आहे. मोठ्यांसाठी या लशी सरकारी केंद्रात सहसा मिळत नाहीत, खासगीत पदरचे पैसे मोडावे लागतात, आणि चार माणसांचं घर म्हटलं की रक्कम जाणवते. त्यावर माझ्याकडे तोड आहे. बाळंतविडा आणू नका. खरंच आणू नका. झबली-टोपडी, कुंच्या, दुपटी, चांदीचे वाळे-मनगट्या यांची आमच्याकडे आत्ताच चळत लागली आहे, आणि बाळ दोन महिन्यांत त्यातून बाहेर येईल. बाळंतिणीला साडीही नको, ती सध्या दोन गाऊनवर आहे. ते पैसे दंडात घाला. ज्यांना तेही अवघड आहे त्यांनी मला एकटीला फोन करावा. कुणाला कळणार नाही.

एका बाईची लस मात्र आम्ही आमच्या खर्चाने करणार आहोत. बाळ-बाळंतिणीला तेल लावायला आणि अंघोळ घालायला येणार आहेत त्या मावशी. दिवसात चार-पाच घरी जातात, प्रत्येक घरी एक नवजात बाळ पायांवर घेतात. त्यांच्याकडून कुणी लशीची अपेक्षा धरत नाही, कारण त्यांची कुणाला आठवणच होत नाही. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, घेते की, पोरांसाठीच तर हात चालतात माझे." एवढ्या चटकन 'हो' म्हणणाऱ्या त्या आतापर्यंत एकट्याच.

पुरुषमंडळींनी हा विषय बायकांवर सोडून वर्तमानपत्रात डोकं घालू नये. बाळ घ्यायला हात त्यांचेही पुढे येतात. आणि शाळकरी नातवंडांना बरोबर आणणार असाल, तर त्यांचं लसीकरणाचं कार्ड एकदा काढून बघा. दीड वर्षाचा डोस बहुतेकांचा झालेला असतो, पाच वर्षांचा त्रिगुणीचा डोस मात्र शाळाप्रवेशाच्या धांदलीत हमखास राहतो. गोवराचे दोन्ही डोस झालेत का तेही पाहा. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली तेव्हा मुलं दगावली, आणि जिथे साथ जोरात होती तिथे नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांनाही जादा डोस द्यायची वेळ आली. गोवर झालेलं मूल खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू तासभर, दोन तास हवेत राहतात. लपाछपी खेळणाऱ्या पाच पोरांना ते कोण समजावणार?

लस घेतली म्हणजे सगळं माफ, असंही नाही. लस घेतलेल्या माणसाच्या घशातही जंतू असू शकतो. तेव्हा खोकला, सर्दी, कणकण असेल तर लस घेऊनही येऊ नका, आठ-पंधरा दिवसांनी या. ओठावर पुळी असेल तर बाळाच्या जवळपासही नको. नवजात बाळाच्या अंगात नागिणीच्या भावंडातला तो विषाणू मेंदूपर्यंत जाऊ शकतो. पापा घ्यायचा मोह पायांवर भागवा, तोंडावर आणि हातांवर नाही. आणि ती नोट! बाळाच्या मुठीत पन्नासाची किंवा शंभराची नोट कोंबायची आपली जी पद्धत आहे, ती या एका बाळापुरती थांबवा. भाजीवाला, रिक्षावाला, कंडक्टर, पेट्रोलपंप असा प्रवास करून आलेली ती चुरगळलेली नोट बाळ घट्ट धरतं, कारण हाताला लागेल ते धरणं एवढंच त्याला येतं, आणि दुसऱ्या क्षणी मूठ तोंडात जाते. नोट आजीच्या हातात द्या. आजी ती नीट ठेवील. (सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याबद्दलही मला बोलायचं आहे. वर्षाच्या आत मध अजिबात नाही. पण त्यावर सुरुवात केली तर हे पत्र संपायचं नाही.)

आमच्याकडून आम्ही काय करणार, तेही सांगते. पहिले दोन महिने गर्दी नाही. बारसं घरातल्या घरात, पाळण्याला हात लावतील तेवढीच माणसं. मोठं जेवण, घुगऱ्या, पाळणे, फोटो, सगळं हौसेने करू, साडेतीन महिन्यांचा डोस झाल्यावर. पंक्तिप्रपंच नाही : नियम माझ्या सख्ख्या भावाला तोच, लेकीच्या चुलत सासऱ्यांना तोच. ज्यांना लस घ्यायचीच नाही, त्यांच्याशी आमचं वाकडं नाही. त्यांनी व्हिडिओवर बाळ बघावं, घरी यायचं तर बाहेरच्या खोलीत बसावं, चहा घ्यावा, दारातून बाळ पाहावं. एकच मागणं. आपली नाराजी लेकीपर्यंत पोचू देऊ नका. तिचे टाके ओले असतील, दूध उतरत नसेल, झोप नसेल, आणि अशात "तुमच्या सुनेने आम्हाला उंबऱ्याबाहेर ठेवलं" हे वाक्य फिरत फिरत तिच्याकडे येईल. बोलायचं ते मला बोला. मी ऐकून घ्यायला समर्थ आहे, नोकरीभर रुग्णांच्या नातेवाइकांचंच ऐकलं आहे.

डॉक्टरांनी दिलेली तारीख पुढच्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली आहे, आणि लस लागू पडायला दोन आठवडे जातात. हिशेब आपण करावा.

लहानांस आशीर्वाद, थोरांस नमस्कार.

आपली,
बाळाची होणारी आजी
(मुलीकडची)

ता. क. टीडॅप बऱ्याच दवाखान्यांत हाताशी नसते, दोन दिवस आधी फोन करून मागवायला सांगा. दोन्ही लशी एकाच दिवशी, दोन दंडांत घेता येतात. आधी कुठल्या लशीची रिॲक्शन आली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मला दुसऱ्या दिवशी दंड दुखला आणि पोळ्या यांनी लाटल्या. तेव्हा शक्यतो शनिवारी घ्या.